एकाच घरात दोन हवामानं

ताई, माझ्या बायकोला नवी नोकरी मिळाली आहे. पद मोठं, पगार चांगला, आणि गेली दहा-बारा वर्षं ती ज्या कामाची वाट बघत होती नेमकं तेच काम. अडचण एकच, जागा समुद्रकाठची आणि जवळजवळ बारा महिने उकाडा. आम्ही सध्या राहतो तिथली हवा कोरडी, रात्री गार. मला घाम अजिबात सोसत नाही. मी घरून काम करतो, म्हणून सगळे म्हणतात, ‘तुला काय, लॅपटॉप उचलायचा आणि निघायचं.’ सोबत सात वर्षांची मुलगी आणि माझी आई, वय ७२, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. बायको म्हणते, एसी लावू, पंधरा दिवसांत सवय होईल. मित्र हसतात, ‘बायकोच्या नोकरीपायी चाललास?’ त्याचं मला काही वाटत नाही (थोडं वाटतं). नाही म्हणायचं मनात नाही. पण तिथे दोन दिवस राहून आल्यापासून झोप उडाली आहे. जावं का? आणि जायचंच तर काय बघून जावं?

ता.क. माझी एक जुनी लाकडी गिटार आहे. ती न्यावी, की इथेच कुणाकडे ठेवावी?

– घामाला घाबरणारा

*

नमस्कार,

कंसात ‘थोडं वाटतं’ असं लिहिलंत, म्हणून तुमचं पत्र उत्तरासाठी निवडलं. नवऱ्याच्या नोकरीमागे घर हलवणाऱ्या बायकांची पत्रं मला येतात, पण ती तिथे जाऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर. तोवर उकाडा मागे पडलेला असतो आणि भलतंच काहीतरी साचलेलं असतं. जाण्याआधी ‘जावं का’ असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. तुम्हाला विचारलं गेलंय, तर ही संधी नीट वापरू.

माझं मत आधीच सांगते. जा. पण घर तुम्ही निवडा, आणि उकाड्याचा खर्च व उकाड्याची वेळ कुणाच्या वाट्याला किती येणार, हे निघण्यापूर्वी दोघांनी बसून ठरवा. असं का म्हणते, त्याला एक जुनी गोष्ट आहे.

नवऱ्याची बदली झाली म्हणून मीही एकदा अशाच एका गावी राहायला गेले होते. पहिल्या महिन्यातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी दिवसात तिसऱ्यांदा अंघोळ करून, ओल्या केसांनी पंख्याखाली बसले होते. हा ऑफिसातून आला, बॅग उघडली आणि आतून स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. ऑफिसातला एसी इतका गार, की बिचारा दिवसभर कुडकुडत होता. वर म्हणाला, ‘इथली हवा तितकी काही वाईट नाही गं.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या अंगाला लागलेली हवा खरंच वाईट नव्हती! त्या गावात आम्ही दोघं दोन वेगळ्या हवामानांत राहत होतो आणि भांडत मात्र एकाच हवामानावरून होतो.

तुमच्या घरी हेच होणार आहे. बायको गारव्यातून गारव्यात जाईल. घरात असाल तुम्ही आणि आई. म्हणून ‘पंधरा दिवसांत सवय होईल’ हे वाक्य तिच्या तोंडून ऐकताना तुम्हाला राग येत असेल, तर त्या रागात तथ्य आहे. तरी वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते जरा उलगडून बघू.

शरीर गरम हवेशी जुळवून घेतं. साधारण एक ते दोन आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून क्षार कमी जाऊ लागतात. (म्हणजे सवय झाली की घाम कमी येईल, अशी आशा ठेवू नका. जास्तच येतो. पण त्याने जीव कासावीस होत नाही.) पण हे सगळं होण्यासाठी शरीर रोज थोडा वेळ त्या उष्णतेत असावं लागतं. चोवीस तास एसीत बसून पंधरा दिवस काढलेत तर सोळाव्या दिवशीही तुम्ही पहिल्याच दिवसावर असता. आणि नंतर महिनाभर कुठे गारव्याला जाऊन आलात की पाटी बरीचशी कोरी होते.

दमटपणाचा मुद्दा मात्र सवयीच्या पलीकडचा आहे. घाम नुसता सुटून अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून फरशीवर पडलेला घाम काहीच नेत नाही. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं असेल तर वाळणार कसा? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून, वारा देऊन जे तापमान मिळतं त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवा ४० अंश पण आर्द्रता १५ टक्के असेल तर ते जेमतेम २१ भरतं. हवा ३२ अंशच पण आर्द्रता ८० टक्के असेल तर २९. तुम्हाला तुमच्या गावच्या कोरड्या चाळिशीत जे जमत होतं ते तिथल्या बत्तिशीत का जमलं नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तुमची सहनशक्ती कमी नाही. हा आकडा ३५ ला पोचला की सावलीत, वाऱ्यात नुसतं बसलेलं धडधाकट शरीरही फार तास तगू शकत नाही, असं २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे तरुण माणसांवर प्रयोग झाले तेव्हा ही मर्यादा त्याहून बरीच खाली निघाली. तेव्हा हवामानाच्या अ‍ॅपवर नुसतं तापमान बघून ‘आज बरं आहे’ म्हणू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. तो २४ अंशांच्या वर असेल तर दिवस चिकचिकाटाचा.

आता एसी. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या अमेरिकी इंजिनिअरने पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली, ती न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यासाठी. माणसांना गार वाटावं हा हेतूच नव्हता. दमट हवेत कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंगांवर रंग नीट बसत नसत. म्हणजे हे यंत्र जन्मलंच मुळी हवेतली ओल काढायला. समुद्रकाठी त्याच्याकडून तेच काम घ्यायचं. खोलीच्या मानाने फार मोठा एसी बसवलात तर तो झटक्यात खोली गार करून बंद पडतो, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि मग गारही वाटतं, चिकटही वाटतं. बेताचा एसी घ्या, २५-२६ वर ठेवा, सोबत पंखा चालू द्या. पावसाळी, कुंद दिवसांत ‘ड्राय मोड’ वापरा. रात्री झोपायच्या खोलीत लावाच, त्यात कमीपणा नाही. समुद्रकाठी रात्रीही पारा फारसा उतरत नाही, आणि झोप झाली नाही की माणूस घरातल्या प्रत्येकाशी वाद काढतो.

कामाच्या वेळेचा विचार त्यानंतर. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर खिडक्या उघडून बिनएसीचे तास काढा, रोज थोडं चाला. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवा. पहिल्याच आठवड्यात सामान लावायला, कपाटं सरकवायला तुम्ही स्वतः जुंपून घेतलंत तर आजारी पडाल. माणसं लावा.

आता घर. हे मी थोडं लांबवणार आहे, कारण इथेच लोक फसतात. समुद्र दिसतो म्हणून घर घेतात. समुद्र दिसतो म्हणजे समुद्रालाही तुमचं घर दिसतं. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो सुखाचा असतो, शंका नाही. पण तोच वारा खारे तुषार घेऊन येतो. पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सगळ्यात जास्त, मग झपाट्याने कमी होत जातो. म्हणून वारा येईल पण फेस उडून येणार नाही इतकं आत राहा. घर बघायला जाल तेव्हा फरशी आणि रंग बघू नका, रंग कालच मारलेला असतो. खिडकीच्या ग्रिलखाली भिंतीवर गंजाचे ओघळ आहेत का ते बघा. बिजागऱ्यांचे स्क्रू बघा. एसीचं बाहेरचं युनिट बघा, त्याच्या मागच्या पातळ पत्र्यांना बोट लावल्यावर भुगा पडत असेल तर तो उन्हाळा काढणार नाही. मग बेडरूममधलं भिंतीतलं कपाट उघडा, सरळ डोकं आत घाला आणि श्वास घ्या. घरमालक विचित्र नजरेने बघेल, बघू दे. कुबट वास आला तर ते घर सोडा.

मी डोकं घातलं नव्हतं. तीन आठवड्यांनी कपाट उघडलं तर नवऱ्याच्या काळ्या बुटांना पांढरट हिरवी दाढी आली होती. काड्यापेटीतली काडी ओढली की पेटण्याऐवजी तिच्या टोकाचा गुल पेटीच्या कडेला चिकटून राही, आणि मिठाच्या बरणीत चमचा उभा राही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीचं फावतं. त्यामुळे कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, दारं अधूनमधून उघडी टाका, कपडे घरात वाळत घालायची वेळ येऊ नये म्हणून आडोशाची गॅलरी आहे ना हे बघा. भुशाच्या दाबीव बोर्डाचं फर्निचर नेऊच नका, ते फुगून पोळीसारखं सुटतं. बाहेर लागणाऱ्या स्टीलच्या वस्तू ३१६ दर्जाच्या घ्या, नेहमीचं ३०४ तिथे डागाळतं. औषधं बाथरूममधल्या कपाटात ठेवू नका. एसीतून बाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरते, तशीच ती कॅमेऱ्याच्या आतही धरते, म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेला टेकू द्या आणि मग काढा.

पश्चिमेच्या भिंतीला लागून तुमची कामाची खोली नको. दुपारभर तापलेली भिंत संध्याकाळी खोलीत उष्णता सोडत बसते. घराला समोरासमोर खिडक्या हव्यात. आणि शेजाऱ्यांना दोनच प्रश्न विचारा: वादळात पाणी कुठवर येतं, आणि वीज गेली तर किती वेळ जाते. चक्रीवादळात वाऱ्याइतकंच, कित्येकदा जास्त, नुकसान फुगून आत शिरणाऱ्या समुद्राने होतं. तळमजला टाळा. वीज गेल्यावर पंखा तरी चालेल अशी सोय असू दे. एक लक्षात ठेवा, हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवा अंगावर मारून उलटा त्रास देतो. त्याखाली तो चांगला सोबती.

आईंकडे मात्र निघण्याआधी बघा. वयाबरोबर तहान लागल्याचं कळणं मंदावतं, घामाची यंत्रणाही ढिली पडते. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही लघवी वाढवणाऱ्या असतात, आणि उकाड्यात आधीच पाणी जात असताना त्या जड जाऊ शकतात. डॉक्टरांकडे यादी घेऊन जा, ‘आम्ही उष्ण, दमट ठिकाणी राहायला चाललोय’ असं स्पष्ट सांगा आणि गोळ्या, मात्रा, पाणी किती, मीठ किती हे विचारून घ्या. मनाने काही बंद करू नका. त्यांची खोली घरातली सगळ्यात गार असावी. आणि कधी उकाड्यात त्या असंबद्ध बोलू लागल्या, गोंधळल्या, अंग भट्टीसारखं लागलं, तर ‘जरा पडू दे त्यांना’ म्हणायचं नाही. अंगावर पाणी, जोराचा वारा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. मुलीची मला चिंता नाही, घामोळं येईल, जाईल. तिला जाड तेलकट क्रीम फासू नका, सैल सुती कपडे घाला, एवढंच.

तुम्ही दोन दिवस राहून आलात, ते कमी पडले. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात दहा दिवस जा. हॉटेलात उतरू नका, भाड्याच्या घरात राहा, लॅपटॉप घेऊन नेहमीचं काम करा, सामान आणायला चालत जा. आणि एक दिवस बायकोनेही सुट्टी घेऊन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या घरात तुमच्याबरोबर बसावं. या एका दिवसाने जे कळतं ते वर्षभराच्या तक्रारींनी कळत नाही. माझ्या नवऱ्याला ते कळलं तो तापाने तीन दिवस घरी राहिला तेव्हा. चौथ्या दिवशी त्याने मुकाट्याने झोपायच्या खोलीत दुसरा पंखा बसवून घेतला.

बायकोने नोकरीच्या पत्रावर अजून सही केली नसेल तर ही बोलायची वेळ आहे, सहीनंतर ती सरते. घरभाडं, सामान हलवायचा खर्च, आईंसह सगळ्यांचा आरोग्यविमा, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट, हे तिने मागावं. विजेचं बिल दुप्पट होईल असं धरा आणि ते नव्या पगारातून जाईल असं आधीच ठरवा. नाहीतर दुपारी एसी लावताना तुमच्याच मनाला टोचणी लागते आणि माणूस उगाच तपस्या करत बसतो. मी बसले होते. तिचा नव्या नोकरीतला परीक्षाकाळ (प्रोबेशन) संपेपर्यंत इथलं घर सोडू नका. तिने आधी जावं, तुम्ही तिघांनी उकाडा उतरल्यावर. आणि दीड वर्षांनी एक तारीख कॅलेंडरवर मांडा, त्या दिवशी दोघांनी पुन्हा बसून ‘राहायचं की निघायचं’ हे नव्याने ठरवायचं. ती तारीख नसली की नाराजीला मुदत राहत नाही.

तुमच्या कामाबद्दल लोक म्हणतात, लॅपटॉप उचलायचा आणि निघायचं. काम हलतं हो, माणसं हलत नाहीत. जोडीदाराच्या नोकरीमागे जाणाऱ्याला इंग्रजीत ‘ट्रेलिंग स्पाऊस’ म्हणतात, म्हणजे मागून फरफटत येणारा. शब्दच किती वाईट आहे बघा. बायकोला तिथे पहिल्या दिवशी वीस ओळखी मिळतील, तुम्हाला शून्य. त्यात उकाड्यामुळे तुम्ही दुपारी बाहेर पडणार नाही, आणि घरात कोंडलेल्या माणसाला सगळा दोष हवेचाच वाटतो. म्हणून सकाळी सहा-साडेसहाला घराबाहेर काढणारं काहीतरी शोधा, पोहणं म्हणा, फिरणाऱ्यांचा कट्टा म्हणा. जिथे तुमची ओळख ‘मॅडमचे मिस्टर’ अशी नसेल. घराच्या करारावर तुमचंही नाव असू द्या. मुलीची शाळा, आईंचा दवाखाना, घरमालक, एसी दुरुस्तीवाला हे सगळं आपोआप ‘घरी असणाऱ्याकडे’ येतं, तेही आत्ताच वाटून घ्या. घरी असणं आणि मोकळं असणं यातला फरक मी वीस वर्षं समजावते आहे, निदान तुम्हाला तरी आता तो समजावावा लागणार नाही.

मित्रांचं म्हणाल तर, त्यांना पहिल्या उन्हाळ्यात राहायला बोलवा. दुपारच्या वेळी.

राहिली गिटार. न्या. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या वर बराच काळ गेला की वरची फळी फुगते, तारा उंच उठतात, जोड सैल पडतात. प्रवासात तारा थोड्या उतरवा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. तिथे पोचल्यावर तिची जागा एसीच्या खोलीत, केसमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून लांब. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पुड्या ओल धरून भरतात, त्या दर काही आठवड्यांनी बदला किंवा वाळवून घ्या. मापक दोन आणा, दुसरा आईंच्या खोलीत लावा.